समतोलाचा तराजू कोणाच्या हातात? : राजूरचा कोळसा आणि कंपनीचा ताळेबंद

‘नफा आणि पर्यावरण यांचा समतोल’ हे शब्द अलीकडे फार कानावर पडतात. कंपन्यांच्या वार्षिक अहवालात ते असतात, मंत्र्यांच्या भाषणात असतात, आणि स्पर्धा परीक्षेच्या निबंधातही असतात. आमच्या राजूरची मुले वणीच्या अभ्यासिकेत बसून हा निबंध पाठ करतात. एका बाजूला विकास, दुसऱ्या बाजूला निसर्ग, आणि शेवटी ‘सुवर्णमध्य साधला पाहिजे’ हे वाक्य. मार्क चांगले मिळतात म्हणे.

माझा आक्षेप या तराजूवरच आहे. तराजूला दोन पारडी असतात. एका पारड्यात नफा आणि दुसऱ्यात झाडे, नद्या, वाघ. मग खाणीशेजारी राहणारा माणूस कोणत्या पारड्यात बसवायचा? तो नफ्यात नाही, कारण त्याच्याकडे शेअर नाहीत. आणि पर्यावरणातही त्याला कोणी मोजत नाही, कारण तो वाघ नाही. शिवाय तराजू धरणारा हात कोणाचा, हे निबंधात कधी विचारलेच जात नाही. ज्या समाजाला हजारो वर्षे दुसऱ्यांनी मापून दिलेलेच घ्यावे लागले, त्या समाजाने तरी हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

महाराष्ट्रात राजूर नावाची गावे बरीच आहेत. अकोल्याजवळचे राजूर आहे, भोकरदनकडचे गणपतीचे राजूर आहे. आमच्या राजूरला लोक ‘राजूर कॉलरी’ म्हणतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यातले हे गाव दोन गोष्टींवर जगले : जमिनीखालचा कोळसा आणि चुन्याचा दगड. कोळशाच्या खाणी राष्ट्रीयीकरणाच्याही आधीच्या. चुन्याच्या भट्ट्या खासगी मालकांच्या. दगड आणि कोळसा थरावर थर रचायचे, भट्टी पेटवायची, भाजलेला दगड काढायचा, पाणी मारायचे, फक्की करायची. इथला कोळसा काळा आणि इथला चुना पांढरा, आणि गावातल्या माणसांची कातडी दोन्हींनी रंगलेली.

माझी आजी भट्टीवर दगड फोडायला आणि टोपले वाहायला जायची. मालकाचे नाव लिहिण्यात अर्थ नाही, तो आणि भट्टी दोन्ही आता नाहीत. चुन्याने तिच्या हातापायाला भेगा पडलेल्या असत. संध्याकाळी ती त्यात गोडेतेल भरायची आणि म्हणायची, “बापा, चुना भिताडाले लावला तं घर उजळते, हाताले लागला तं हात खाते.” तिच्या मजुरीत भेगांचे पैसे धरलेले नव्हते. भट्टीवाल्याच्या वहीत दगडाचा भाव होता, कोळशाचा होता, बैलगाडीच्या भाड्याचा होता. आजीच्या हाताचा भाव नव्हता. पुढे मोठमोठ्या कंपन्यांचे ताळेबंद वाचताना मला ती वही नेहमी आठवते, कारण हिशोबाची पद्धत फारशी बदललेली दिसत नाही.

आता कोळशाकडे येतो. इथे मला आपल्यातल्याच काही तरुण मित्रांशी वाद घालायचा आहे. शहरातल्या चर्चासत्रांत जाऊन आलेले हे मित्र सरळ म्हणतात की कोळसा हा शाप आहे, खाणी बंद झाल्या पाहिजेत. म्हणणे सोपे आहे. पण वणी, घुग्घुस, चंद्रपूर, बल्लारपूर या पट्ट्यातला आपला समाज गावगाड्यातून बाहेर कसा पडला? १ मे १९७३ पासून बिगर-कोकिंग कोळशाच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७५ मध्ये कोल इंडिया आली, नागपूरला मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफिल्ड्स आली. सरकारी कंपनी म्हणून भरतीत आरक्षण आले. ज्याच्या बापाने पाटलाच्या वाड्यासमोर चप्पल हातात घेतली, त्याच्या हातात महिन्याच्या महिन्याला पगार पडू लागला. क्वार्टर मिळाले, दवाखान्याचे कार्ड मिळाले. माझे वडील खाणीत उतरत. वेतनाच्या दिवशी ते घरी आले की पहिली खरेदी वह्या-पुस्तकांची असे. वस्त्यांमध्ये वर्गणी काढून विहारे उभी राहिली ती याच पगारातून. बाबासाहेबांनी ‘खेडी सोडा’ सांगितले होते, आणि आमच्या भागात खेडे सोडून जायला जागा दिली ती कॉलरीने. म्हणून कोळशाविषयी बोलताना माझ्या तोंडी नुसता शिव्याशाप येत नाही.

आणि कोळशाचा बाबासाहेबांशी असलेला संबंध आपण फार कमी वाचतो. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबाद-झरियाच्या कोळसा पट्ट्यात गेले आणि स्वतः खाणीत उतरले. तो युद्धाचा काळ होता, कोळसा कमी पडत होता, सरकारला उत्पादन हवे होते. स्त्रियांना जमिनीखाली काम करण्यावर असलेली बंदी त्या वेळी तात्पुरती उठवली गेली. त्यावर टीका झाली आणि ती रास्तही होती. १९४४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांना त्याचे उत्तर द्यावे लागले. तिथे त्यांनी एक मुद्दा ठामपणे मांडला, की खाणीत उतरणाऱ्या स्त्रीला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल. १९४६ मध्ये ती बंदी पुन्हा लागू झाली. म्हणजे उत्पादनाचा दबाव आणि माणसाचे हित यांतला ताण त्यांनी खुर्चीवर बसून भोगलेला आहे. तो त्यांच्यासाठी निबंधाचा विषय नव्हता.

पण माझ्या मते त्याहून महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. १९४४ च्या सुरुवातीला कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर टनामागे उपकर बसवायचा आणि त्यातून कामगारांची घरे, पाणी, दवाखाने, शिक्षण यांची सोय करायची. सल्लागार समितीत मालकांसोबत कामगारांचेही प्रतिनिधी. यातली रचना नीट पाहा. मालकाला नफा झाला की तोटा, हा प्रश्नच नाही. टन बाहेर पडला की पैसा कापला. कारण टन बाहेर पडताना धूळ उडतेच, छातीत जातेच. माणसाची झीज ही उत्पादनाचा खर्च आहे, तेव्हा ती नफा काढायच्या आधी वजा झाली पाहिजे, हे तत्त्व त्यात आहे. पुढे १९४७ मध्ये त्याचा कायदा झाला आणि १९८६ मध्ये तो कायदा रद्दही झाला.

आता याच्या शेजारी आजचा सीएसआर ठेवा. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ठरावीक आकाराच्या वरच्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. म्हणजे आधी सगळा नफा काढा, मग त्यातले शंभरातले दोन वाटा. नफाच झाला नाही तर? तर काही देणे नाही. धूळ मात्र तोट्याच्या वर्षीही तेवढीच उडते. आणि हा पैसा कुठे, कशावर खर्च करायचा हे ठरवणार कंपनीचेच संचालक मंडळ. बसस्टॉपवर बाकडे येते, बाकड्यावर कंपनीचे नाव येते. शाळेला रंग येतो, रंगावर कंपनीचे चिन्ह येते. ५ जूनला साहेब येतात, रोप लावतात, फोटो निघतो, आणि पुढच्या ५ जूनला त्याच खड्ड्यात दुसरे रोप. (खड्डा तरी टिकाऊ आहे, असे आमच्याकडे म्हणतात.) १९४४ ची रचना हक्काची होती, २०१३ ची रचना दानाची आहे. दान देणारा मोठा होतो आणि घेणारा हात जोडतो, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. शाळेला रंग नको असे मी म्हणत नाही. पण हा खर्च भरपाई म्हणून मांडला जात नाही, उपकार म्हणून मांडला जातो, हा माझा मुद्दा आहे.

टनामागे पैसा कापण्याचे आजचे उदाहरण म्हणजे जिल्हा खनिज प्रतिष्ठान. २०१५ च्या दुरुस्तीने ते आले. जुन्या खाणपट्ट्यांना रॉयल्टीच्या ३० टक्के आणि लिलावातून दिलेल्यांना १० टक्के रक्कम या निधीत भरावी लागते. कोळशाची रॉयल्टी किमतीच्या १४ टक्के. साधा हिशोब करू. टनाचा भाव २,००० रुपये धरला तर रॉयल्टी २८० रुपये, आणि त्याच्या ३० टक्के म्हणजे ८४ रुपये. म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्या २० टनांच्या प्रत्येक ट्रकमागे १,६८० रुपये आपल्या जिल्ह्याच्या नावाने जमा होतात. वणीच्या रस्त्यावर उभे राहून तासभर ट्रक मोजा आणि आकडा काढा. निधीच्या मूळ मार्गदर्शक सूचनांप्रमाणे किमान ६० टक्के रक्कम पिण्याचे पाणी, प्रदूषण नियंत्रण, आरोग्य, शिक्षण, महिला-बालकल्याण, स्वच्छता अशा कामांवर, बाधित भागातच गेली पाहिजे. बाबासाहेबांच्या निधीचे हे दूरचे नातू म्हणता येईल. फक्त आजोबाच्या समितीत कामगार बसत होते, आणि नातवाच्या समितीत भट्टीवरची बाई बसलेली मी पाहिलेली नाही.

आणखी एक उदाहरण सांगतो, कारण ते कोणी सांगत नाही. २०१० मध्ये केंद्राने कोळशावर ‘स्वच्छ ऊर्जा उपकर’ लावला. टनामागे ५० रुपये. तो वाढत वाढत २०१६ मध्ये ४०० रुपये झाला. नावाप्रमाणे तो पैसा स्वच्छ ऊर्जेला जायचा होता. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि हेच ४०० रुपये राज्यांची करभरपाई करायला वळवले गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये तो उपकरही संपला. सात वर्षे पर्यावरणाच्या नावाने, आठ वर्षे करभरपाईच्या नावाने. ज्या गावातून हा कोळसा निघाला त्या गावाचे नाव या पंधरा वर्षांत एकदाही या उपकराला लागले नाही.

कोल इंडियाचा नफा कोणासाठी, या प्रश्नाला २०१० नंतर वेगळे वळण लागले. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनी शेअर बाजारात आली. सरकारची मालकी अजूनही साठ टक्क्यांच्या वर आहे. पण बाजारात आलेल्या कंपनीला रोज सकाळी भाव दिसतो. २०१२ मध्ये काय झाले ते आठवा. लंडनचा ‘चिल्ड्रन्स इन्व्हेस्टमेंट फंड’, ज्याच्याकडे कंपनीचे सुमारे एक टक्का शेअर होते, त्याने कोल इंडिया आणि तिच्या संचालकांना न्यायालयात खेचले. तक्रार काय? की कंपनी कोळसा स्वस्त विकते आणि त्यामुळे भागधारकांचे नुकसान होते. नावात मुले असलेल्या या फंडाला घुग्घुसच्या मुलांच्या फुप्फुसाची चिंता नव्हती. पुढे २०१४ मध्ये त्याने आपले शेअर विकून टाकले. पण मुद्दा असा, की एक टक्का मालकी असलेला लंडनचा माणूस ‘माझा नफा कमी झाला’ म्हणून दाद मागू शकतो. ज्याच्या घरावर शंभर टक्के धूळ पडते, त्याला मात्र कंपनीच्या वार्षिक सभेत खुर्ची नाही.

यावर कोणी म्हणेल, बाबासाहेबांनीच तर ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ मध्ये मूलभूत उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत असे सांगितले होते, मग सरकारी कंपनीविषयी तक्रार कशी? तक्रार मालकीविषयी नाही. १९४७ च्या त्या मसुद्यात राज्य समाजवाद आणि लोकशाही एकत्र बांधलेली आहेत. त्यांना सरकारी मालकी हवी होती ती खासगी मालकाची हुकूमशाही मोडण्यासाठी. सरकारच मालकासारखे लाभांश मोजत बसले तर त्या मांडणीतला अर्धा भाग गळून पडतो. २०२३-२४ मध्ये कोल इंडियाचा एकत्रित निव्वळ नफा ३७,००० कोटी रुपयांच्या वर होता. तोट्यातली कंपनी परवडत नाही म्हणून हात वर करते, हे समजू शकते. ही काही तशी कंपनी नाही.

आता दोन आकडे शेजारी ठेवतो. २००९-१० मध्ये कोल इंडियाचे उत्पादन ४३१ दशलक्ष टन होते आणि कायम कामगार चार लाखांच्या आसपास. २०२३-२४ मध्ये उत्पादन ७७३ दशलक्ष टन आणि कायम कामगार सव्वादोन लाखांच्या आसपास. कोळसा पावणेदोन पटीने वाढला आणि माणसे जवळजवळ निम्म्यावर आली. हे कसे झाले? भूमिगत खाणी मागे पडल्या आणि उघड्या खाणी वाढल्या. उघड्या खाणीत वरची माती, ज्याला आमच्याकडे सगळे ‘ओबी’ म्हणतात, ती काढण्याचे काम ठेकेदाराला देता येते. ठेकेदाराच्या डंपरवर चालक लागतो, आरक्षण लागत नाही. बिंदुनामावली लागत नाही. क्वार्टर लागत नाही.

पर्यावरण आणि आरक्षण हे दोन वेगळे विषय आहेत असे मानणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. भूमिगत खाणीत जमीन बऱ्यापैकी वर शाबूत राहते, कामगार जास्त लागतात, टनाचा खर्च जास्त येतो. उघड्या खाणीत सुपीक काळी माती उलथते, ओबीचे डोंगर उभे राहतात, नाल्यांच्या वाटा बदलतात, भूजल खाली जाते, आणि टनाचा खर्च कमी येतो. म्हणजे ज्या निर्णयाने जमीन गेली त्याच निर्णयाने आरक्षणाची नोकरी गेली. निसर्गाची आणि आपली हानी एकाच सहीने झाली. नफा त्या सहीच्या दुसऱ्या बाजूला आहे. मग ‘नोकरी हवी की पर्यावरण’ हा प्रश्न आपल्यापुढे टाकला जातो तो मुळातच खोटा आहे. आपले दोन्ही गेले आहे.

जमिनीच्या मोबदल्याकडे बघू. कोळशासाठी जमीन घ्यायला १९५७ चा स्वतंत्र कायदा आहे. मोबदला सातबाऱ्यावर मिळतो. कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात साधारण दोन एकरामागे एक नोकरी असे सूत्र आहे. ज्याचे दहा एकर गेले त्याच्या घरात नोकऱ्या आल्या, पैसा आला, वणीत बंगला आला. त्याच दहा एकरांवर वर्षातले सहा-आठ महिने निंदण, वेचणी, कापणी करून जगणाऱ्या चार घरांचे काय? त्यांचे नाव सातबाऱ्यावर नव्हते, कारण त्यांच्या आजोबांना जमीन घेऊच दिली गेली नव्हती. आमच्या नात्यातल्या एका कुटुंबाबाबत हेच घडले. प्रकल्पाचे नाव सांगून उपयोग नाही, गोष्ट सगळीकडे तीच आहे. मालकाची जमीन गेली, तो शहरात गेला. यांची मजुरी गेली, हे कुठेच गेले नाहीत. ज्या कचेरीत विचारले तिथे उत्तर एकच : “तुमचं काय गेलं? सातबारा दाखवा.” २०१३ च्या भूसंपादन कायद्याने बाधित कुटुंबाच्या व्याख्येत तीन वर्षे तिथे राबणारा भूमिहीन मजूरही घेतला आहे, आणि पुनर्वसनाच्या त्या तरतुदी २०१५ पासून कोळशाच्या संपादनालाही लागू केल्या आहेत. कायदा पुस्तकात आहे. पण भूमिहीनाने भूमिहीन असल्याचा पुरावा आणायचा कुठून? ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्याकडे ‘काही नाही’ याचा कागदही नसतो. झरी, मारेगाव आणि वणीकडच्या कोलाम बांधवांची स्थिती याहून बिकट.

अशा वेळी कंपन्यांचे शाश्वततेचे अहवाल वाचायला घ्यावेत. सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या हजार कंपन्यांना व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल सक्तीचा केला. त्यात पाण्याचा वापर, उत्सर्जन, कचरा, सुरक्षा, स्त्री-पुरुष प्रमाण, अपंग कर्मचारी यांचे रकाने आहेत. चांगली गोष्ट आहे, आधी एवढेही नव्हते. अहवालात वंचित आणि दुर्बल घटकांचा उल्लेखही आहे. पण धूळ कोणाच्या वस्तीवर पडते, ठेकेदाराकडच्या कामगारांत कोणत्या जातीचे किती, गटारात आणि साफसफाईला कोण, आणि साहेबाच्या खुर्चीत कोण, असा सरळ जातीचा तक्ता त्यात नाही. ज्या देशात वस्तीची दिशासुद्धा जातीवरून ठरते, वारा कुठून वाहतो ते पाहून महारवाडा बसवला जातो, तिथे जात न लिहिता सामाजिक परिणाम कसा मोजणार?

कायद्यातल्या सवलतींचा प्रवासही एकाच दिशेने झालेला आहे. १९९७ च्या दुरुस्तीने खाणीआधी जनसुनावणी आली. गरीब माणसाला माइक मिळण्याची ती जवळजवळ एकच जागा. २०१७ मध्ये कोळसा खाणींना अटींसह ४० टक्क्यांपर्यंत क्षमतावाढ जनसुनावणीशिवाय करण्याची मुभा मिळाली आणि २०२२ मध्ये ती ५० टक्क्यांपर्यंत गेली. कोळसा जाळणाऱ्या वीजकेंद्रांचेही तसेच. डिसेंबर २०१५ मध्ये गंधकाच्या धुरावर मर्यादा आल्या, दोन वर्षांची मुदत दिली. मुदत वाढत गेली, वाढत गेली, आणि जुलै २०२५ मध्ये बहुतांश केंद्रांना ती यंत्रणा बसवण्यातून सूटच मिळाली. आमच्या शेजारी २,९२० मेगावॅटचे चंद्रपूर महाऔष्णिक वीजकेंद्र आहे. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचे गुण काढले तेव्हा चंद्रपूरला शंभरात ८३.८८ गुण पडले होते. आपल्या भागाने गुणवत्ता यादीत वर यावे अशी आमची इच्छा असते, पण ही यादी ती नव्हती. मर्यादा घालताना ‘पर्यावरण’ म्हटले गेले आणि सूट देताना ‘समतोल’. मला तरी हा शब्द सवलतीच्याच बाजूने वापरलेला दिसतो.

आणि आता पर्यावरणवाद्यांविषयी. ताडोबाजवळचा लोहारा कोळसा पट्टा अदानी समूहाला मिळाला होता. वाघांच्या वाटेत येतो म्हणून मोठे आंदोलन झाले आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने तो प्रकल्प अडवला. योग्यच झाले. आमच्याच जिल्ह्यात पांढरकवडा-राळेगाव भागात टी-१ वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी मारली गेली, तेव्हा तिच्यासाठी मुंबई-दिल्लीत मेणबत्त्या लागल्या. तिच्या नावावर तेरा माणसांचे मृत्यू लावले गेले होते. बहुतेक शेतकरी, मजूर, गुराखी. त्या तेरा जणांची नावे मेणबत्ती लावणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत होती? वाघाचा जीव वाचावा यात मला काही गैर वाटत नाही. पण वाघासाठी खाण थांबते आणि वस्तीसाठी कधीच थांबत नाही, हे पाहिले की या देशात पर्यावरणालाही वर्ण आहे असे म्हणावे लागते.

तरीही तो विषय ‘त्यांचा’ म्हणून सोडून देणे चळवळीला परवडणार नाही. २० मार्च १९२७ ला महाडला जे झाले ते पाण्यासाठीच झाले. नैसर्गिक साधनावर कोणाचा हक्क, हा प्रश्न त्या तळ्याच्या काठावर विचारला गेला. मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्याच्या योजनेत पुराचे पाणी, वीज आणि सिंचन यांचा एकत्र विचार करणारे बाबासाहेबच होते. आपल्या जयंतीच्या मिरवणुकीत मात्र खाणीच्या पाण्यावर, धुळीवर, ओबीवर एक फलक दिसत नाही. डीजेवर लाखभर रुपये जातात, आणि एका हवा-तपासणीचा अहवाल मागायला आपल्याकडे वेळ नसतो.

पुढची गोष्ट अधिक तातडीची आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोला भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे लक्ष्य जाहीर केले. म्हणजे कोळसा कधीतरी थांबणार. आणि राष्ट्रीय धोरणाची वाट न पाहताही खाणी संपतच असतात, कारण थर संपतो. २००९ पासून प्रत्येक कोळसा खाणीला बंदीकरण आराखडा आणि स्वतंत्र एस्क्रो खाते सक्तीचे आहे. तेव्हाचा दर उघड्या खाणीला हेक्टरी ६ लाख रुपये आणि भूमिगत खाणीला हेक्टरी १ लाख. हा पैसा खड्डा बुजवणे, उतार करणे, झाडे लावणे, कुंपण घालणे यासाठी. हेक्टरामागे पैसा ठरला, पण डोक्यामागे काहीच नाही. खाण बंद झाल्यावर कायम कामगार दुसऱ्या खाणीत बदलून जातो. ठेकेदाराचा चालक, चहाची टपरी, धुणीभांडी करणारी बाई, कोळसा वेचणारे पोर हे कुठे बदलून जाणार? जमीन बरी करण्याचा आराखडा आहे आणि माणूस बरा करण्याचा नाही. इथेही आपण तराजूच्या बाहेरच.

म्हणून माझी मागणी समतोलाची नाही, वजाबाकीच्या क्रमाची आहे. कोळशाच्या किमतीतून आधी मजुरी, मग माणसाच्या झिजेची भरपाई, मग जमीन-पाण्याची दुरुस्ती, आणि उरेल तो नफा. आज क्रम उलटा आहे. तो बदलायला दिल्लीत कायदा लागेल, आणि त्यासाठी ज्यांना निवडून देतो त्यांना विचारावे लागेल. पण काही गोष्टी राजूरमध्ये बसूनही होतात.

माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज लागतो, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तोही लागत नाही. तीन गोष्टी मागायच्या. आपल्या जिल्ह्याच्या खनिज प्रतिष्ठानात दरवर्षी किती पैसा आला आणि राजूर व आजूबाजूच्या गावांत कोणत्या कामावर किती गेला, त्याची गाववार यादी. आपल्या भागातल्या प्रत्येक खाणीचा मंजूर बंदीकरण आराखडा आणि एस्क्रो खात्यात जमा रक्कम. आणि मागच्या पाच वर्षांतले हवा व पाणी तपासणीचे अहवाल, तपासणीच्या ठिकाणांच्या नकाशासह. नकाशा मागायला विसरू नका, कारण यंत्र साहेबांच्या बंगल्याजवळ लावले की वस्तीकडे, हे त्यातच कळते. उत्तर आले की ते ग्रामसभेत मोठ्याने वाचायचे आणि ठरावात नोंदवायचे. अर्जाचा नमुना अभ्यासिकेतल्या दोन मुलांनी टाइप करून ठेवला आहे. ज्या गावांना हवा असेल त्यांनी रविवारी सकाळी वंदना झाल्यावर विहारात यावे, येताना आपल्या गावातून जाणाऱ्या ट्रकची एका दिवसाची मोजणी लिहून आणावी.